सगुणावयनीचा डावा हात

दागिन्यांचा हेवा सगळ्याच करतात, दुसरीच्या नवऱ्याचाही पुष्कळजणी करतात. मी मात्र जीव तोडून हेवा केला तो माझ्या थोरल्या जावेच्या डाव्या हाताचा. त्या हातात पाच हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, कोपराखाली विळ्याची जुनी खूण होती, आणि दिवसातून एकदा, कधी दोनदा, तो आपोआप वर जायचा. एवढंच. पण तो वर जावा म्हणून चार गावची माणसं आमच्या ओटीवर ताटकळत बसायची, आणि माझे दोन्ही हात त्यांना पाणी नेऊन देण्यात गुंतलेले असायचे.

मी शहापूरची. वडील मास्तर, म्हणून मराठी चार यत्ता शिकलेली. ते दिवस दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीचे. मुरबाडच्या पुढे, माळशेज घाटाच्या वाटेवर, वैशाखऱ्याच्या अलीकडच्या एका गावात मला दिली. चौथी पास सून आली म्हणजे गाव वेशीवर उभं राहील अशी माझी समजूत. गाव उभं होतं खरं, पण ओटीकडे तोंड करून. माझ्याकडे पाठ. मी उंबऱ्यावरचं माप लवंडलं तेव्हा तिकडून कुणीतरी ओरडलं, "गप ऱ्हावा रे, थोरलीचा डोला लागतोय!" आणि वाजंत्री थांबली. माझ्या लग्नाची वाजंत्री!

थोरली म्हणजे सगुणा. मी वयनी म्हणायचे. उंच, हाडाची, रंगाने तव्यासारखी, आणि भात लावायला उतरली की दोन पुरुषांना मागे टाकणारी. बोलणं कमी. रागावली तरी आवाज चढायचा नाही, फक्त हातातलं काम जरा जोरात व्हायचं. मी काही चुकले की म्हणायची, "ऱ्हाऊ दे गो, शिकशील." हे "शिकशील" मला मिरचीसारखं झोंबायचं. मी चार यत्ता शिकलेली आणि ही अंगठेबहाद्दर मला काय शिकवणार!

तिच्या काही खोडी होत्या. चुलीपाशी बसली की चूल उजव्या हाताला येईल अशीच बसायची. विहिरीवरून जाताना विहीर डावीकडे येत असली तर वळसा घालायची. बायका पोराला डाव्या कडेवर घेतात, उजवा हात मोकळा राहतो. माझा बाळ्या झाला तेव्हा हिने त्याला नेहमी उजव्या कडेवर घेतलं आणि मग दिवसभर अवघडून कामं केली. मला वाटायचं, देवीचे नखरे. माणसाच्या पोराचा देवीच्या हाताला विटाळ होत असेल!

देवी कशी यायची ते सांगते. दुपारी जेवून वयनी ओटीवर खांबाला टेकून पाटावर बसायची. डोळा लागायला आला की तिच्या तोंडून खणखणीत एक शब्द सुटायचा, "मेल्या!" मग मान डावीकडे वळायची, डावा हात खांद्यातून ताठ वर जायचा, उजवा कोपरात मुडपायचा, आणि खाली दोन्ही पाय, पाळण्यातलं पोर झाडतं तसे, भराभर चालायचे. ओठ हसल्यासारखे ताणलेले, पण ते हसू नव्हे, कारण वरचे डोळे घाबरलेले. एक तांब्या भरायला लागेल तेवढा वेळ. की हात खाली. आणि लगेच, मधे काही घडलंच नाही अशी पदर सारखा करून ती म्हणायची, "कोंबड्या हाकला गो, भात टोचतात."

मला हेच खटकायचं. देवी गेल्यावर माणूस कसं गळून पडायला हवं, पाणी मागायला हवं. हिला कोंबड्या दिसतात! आणि देवी बाईलाही मेल्या म्हणते, बाप्यालाही मेल्या म्हणते, हे काय? पण गावाला त्याचं कौतुक. आमचे पाटील तर वैशाखऱ्यापर्यंत सांगत सुटायचे, "मला देवीनं तीन येला मेल्या म्हनलाय, तीन येला!"

आमच्याकडे अशा गोष्टीला दोनच शब्द होते. वारं आलं म्हणायचं, नाहीतर फेपरं आलं म्हणायचं. वाऱ्याला नारळ फोडतात, फेपऱ्याला जोडा हुंगवतात. कुठला शब्द चिकटायचा ते पहिल्यांदा कोण बघतं यावर असतं. वयनीचं पहिलं बघितलं सासूबाईंनी. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. भावोजी मुंबईला गिरणीत, शिमग्याला तेवढे यायचे. सासूबाई त्यांच्यासाठी दुसरी मुलगी बघायला टोकावड्याला निघाल्या होत्या, नवं लुगडं नेसून तयार. तेवढ्यात ओटीवर "मेल्या!" झालं आणि हात डोंगराकडे गेला. दोन दिवस हरवलेली म्हैस डोंगराकडच्याच झऱ्यावर सापडली. ती म्हैस दर उन्हाळ्यात तिथेच जायची, पण हे कोण बोलणार? सासूबाईंनी नवं लुगडं सोडून ठेवलं. देवीच्या डोक्यावर सवत आणायची कुणाची छाती होती! म्हणजे त्या हातावर वयनीचा संसार टेकला होता. हे मला तेव्हाही कळत होतं. कळूनसुद्धा मी जळत होते, हे लिहायला आता लाज वाटत नाही. लाजेचं वय गेलं.

जळून जळून मी काय केलं? एका मंगळवारी मीच अंगात आणलं. दुपारी ओटीवर बसले, डोळे मिटले, "मेल्या" शब्द चोरलेला वाटेल म्हणून "अगं बाई!" असं ओरडले आणि हात वर केला. डावा की उजवा, आठवेना, म्हणून दोन्ही केले. सासूबाई सूप घेऊन धावत आल्या. "कोन गो तू? कुटली?" त्यांनी विचारलं. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "मी… मी घाटावरची…" आणि सुपातल्या कोंड्याने मला शिंक आली. एक नाही, पाच. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "देवीला शिंका येत नाय धाकले. उठ, भांडी पडल्यात." वयनी खांबाला टेकून बघत होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "शिकशील," म्हणाली फक्त.

मग मी मास्तरांच्या मुलीसारखा विचार केला. रोज बघायचं, खूण धरायची. आठ-दहा दिवसांत मला उमगलं की हात देवी दाखवेल तिकडे जात नाही, हात डावीकडे जातो. रोज डावीकडे. पाट रोज घाटाच्या वाटेकडे तोंड करून मांडलेला, डाव्या अंगाला डोंगर, म्हणून रोज डोंगराकडे. मला इतका आनंद झाला की मी एकटीच गोठ्यात नाचले. आता पाट फिरवायचा आणि देवीला उघडी पाडायची.

शेजाऱ्याचा बैल हरवला होता, माणसं विचारायला यायची होती. मी पाट नेहमीसारखा मांडला, इकडेतिकडे बघितलं आणि सरकवून फिरवला, डावी बाजू बरोबर आमच्या उकिरड्यावर येईल असा. वयनी आली, पाटाकडे बघितलं, क्षणभर थांबली आणि खांबाच्या दुसऱ्या अंगाला टेकून बसली. यथावकाश "मेल्या!" आणि हात उकिरड्याकडे. मी पदर तोंडात कोंबून वाट बघत होते, आता हसतील, आता हसतील. कसले हसतात! चार गडी फावडी घेऊन उकिरडा उपसायला लागले. बैल काय उकिरड्यात पुरलेला असतो? बैल नाही सापडला. सासूबाईंचं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं चांदीचं जोडवं सापडलं.

सासूबाई त्या शेणामातीच्या जोडव्यासकट वयनीच्या पाया पडल्या. संध्याकाळी बैल आपल्या पायांनी घरी आला, त्याचंही श्रेय तिला. दुसऱ्या दिवशी ओटीवर दुप्पट माणसं, आणि माझे पाण्याचे हंडे दुप्पट.

त्याच वर्षी चैत्रात गावदेवीचे चांदीचे डोळे नाहीसे झाले. देऊळ झाडायचं काम नवशी म्हातारीकडे होतं. ती डोंगरातल्या वाडीवरची, झाडण्याच्या बदल्यात भात न्यायची, आणि दर पावसाळ्यात माझ्यासाठी आठवणीने भाजीला रानातली शेवळं आणायची. सगळ्यांची नजर तिच्यावर गेली. पाटलांनी ठरवलं, देवळात जाणारी सगळी माणसं उद्या दुपारी आमच्या ओटीवर बसतील. थोरलीचा हात ज्याच्यावर जाईल त्याने गाव सोडायचं.

सकाळी आम्ही दोघी ओढ्यावर भांडी घासत होतो. वयनीचे डोळे लाल, रात्रभर झोपलेली नव्हती. राख घेता घेता ती म्हणाली, "धाकले, आज मला झोपू द्यायची नाय. चिमटे काढ."

"मी? तुम्हाला?"

"लय दिसांपासून काढायचे हायत ना तुला? काढ."

मी भांडं घासायची थांबले. ती तशीच खाली बघत म्हणाली, "उकिरड्याच्या येली पाट तूच फिरवलास. पाट मांडताना तुज्या बांगड्या दोनदा वाजल्या. पाट एकदाच मांडतात."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बोलले तर टोकावड्याची येते." मग हात धुतले, आणि डावा हात माझ्यासमोर धरला, विकायला आणलेल्या वस्तूसारखा. "यो माजा नाय गो. यो जातो तवा मला सगला दिसतो, सगला आयकू येतो, तुमी काय बोलता ते पन. आधी छातीत धस्स होतं, वाघ बघितल्यागत. तोंडातनं शिवी सुटते ती मी देत नाय. पाय चालतात ते मी चालवत नाय. थांबवीन म्हनलं तर थांबत नाय. उजवा तेवढा माजा. म्हनून तुज्या पोराला डाव्या कडेवर घेतला नाय कदी."

इतके दिवस मी तिच्यावर ढोंगाचा आरोप मनातल्या मनात केला होता, आणि ते ढोंग नाही हे कळल्यावर मला वाईट वाटायच्या आधी काय वाटलं सांगू? चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. माझं भांडण होतं देवीशी. देवीच नाही म्हटल्यावर इतकं जळले ते कशासाठी?

दुपारी ओटी भरली. नवशीला नेमकं वयनीच्या नेहमीच्या डाव्या अंगाला बसवलेलं. मी घाईघाईने पाट मांडला आणि फिरवून ठेवला. डावी बाजू माजघराच्या दाराकडे, कारण तिथे कुणी नव्हतं. दाराने काय चोरायचं? वयनी बसली. मी वारा घालायच्या निमित्ताने तिच्यामागे उभी राहिले आणि पहिला चिमटा काढला. जोरात. त्यात थोडा जुना हिशेबही होता, खोटं कशाला बोलू. दुसरा काढला. तिसऱ्याला पाटील म्हणाले, "धाकले, मधे मधे काय करतेस? देवी यायची थांबेल. सर तिकडं." सासूबाई म्हणाल्या, "मानसांना पानी आन जा."

गेले. हंड्यातून तांब्या भरला आणि परत निघाले. कुठून निघाले? माजघराच्या दारातून. पाट मीच मांडलेला, दार मीच निवडलेलं, आणि मास्तरांची चौथी पास मुलगी तांब्या घेऊन बरोबर त्या दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली.

"मेल्या!"

तो हात समोरून कसा दिसतो ते मला त्या दिवशी कळलं. बाजूने बघायची सवय होती. समोरून तो फार लांब असतो. माझा तांब्या पडला, पाणी नवशीच्या पायापर्यंत गेलं. सासूबाईंचा आवाज आला, "धाकले… तू?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि चार यत्तांतलं एक अक्षर फुटेना. पाटील उठून उभे राहिले. माझा बाळ्या आत रडायला लागला.

वयनीचे पाय थांबले, हात खाली आला. या वेळी तिने कोंबड्यांचं नाव काढलं नाही. उभी राहिली.

"तिनं घेतलं नाय. नवशीनं पन नाय. माज्या हाताला काय कलत नाय."

"देवी बोलते का तू बोलतेस?" पाटलांनी विचारलं.

"मीच बोलते. देवी कदी बोललीच नाय, तुमीच बोललात. मला फेपरं हाय. म्हायेरी खर्डीला, बारकी व्हते तवापासून. लगनाच्या येली थांबलेलं, मग परत आलं. हात डावाच जातो. उद्या पाट पायजे तसा फिरवा नि बघा."

दोन शब्दांपैकी दुसरा शब्द तिने स्वतः उच्चारला, भर ओटीवर, सासूबाईंच्या तोंडावर.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी स्वतःच्या हाताने पाट फिरवला. फक्त आपण कुठे बसलो आहोत ते बघायला विसरले. "मेल्या!" झालं आणि हात थेट पाटलांवर. चौथ्यांदा! पण हे काही ते वैशाखऱ्यापर्यंत सांगत गेले नाहीत. डोळे पुढे आठ दिवसांनी सापडले, शिळ्या माळांच्या ढिगात मेणासकट चिकटलेले. गुरवाने माळा उतरवताना त्यांच्याबरोबर ओढून काढले होते. सापडले कुणाला? झाडताना, नवशीलाच.

तोवर आमच्या घरात सगळं उलटं झालं होतं. तीच बाई, तोच हात, तोच एक तांब्या भरण्याएवढा वेळ. पण ओटीवर नारळांऐवजी खांबापाशी एक जुना जोडा येऊन पडला. "मेल्या" ऐकलं की माणसं कानावर हात ठेवून लांब सरकायची. महिन्याच्या आत सासूबाईंनी नवं लुगडं काढलं आणि टोकावड्याला जाऊन आल्या. वयनीचा भाऊ खर्डीहून गाडी घेऊन आला. ती गेली तेव्हा मी घरात होते, बाहेर आले नाही. कसल्या तोंडाने येणार?

मला सगळं मिळालं. ओटीवरचा मान, चुलीची सत्ता, पहिली वाटी माझी. टोकावड्याची नवी जाऊ आली तिला मी म्हणायला लागले, "शिकशील." आणि तरी जळायची थांबले नाही. जग मला चोर म्हणणार होतं, आणि तिने भरल्या ओटीवर आपला संसार मोडून मला सोडवलं. उपकार करायलाही हीच पुढे! मला एक साधा चिमटा नीट काढता आला नाही.

माझी नात मुंबईला डॉक्टरकी शिकते. तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, आजी, कपाळामागच्या मेंदूत कधी कधी ठिणगी उडते. हातपाय हलवायचं काम तिथलं, आणि भीती, राग, हसू आवरायचं कामही तिथलंच. ठिणगी उजवीकडे उडाली तर डावा हात जातो. झोप लागताना जास्त होतं, रात्रभर जागरण झालं तर आणखी जास्त. माणूस शुद्धीवरही असतं आणि क्षणात ठीकही होतं, म्हणून लोकांना ढोंग वाटतं. मी म्हटलं, एवढंच? मग आम्ही नारळ किती फोडले गं!

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, तेव्हाची गोष्ट. मी शहापूरला माहेरी आले होते. खर्डी तिथून जवळ. बाळ्याला घेऊन गेले. काय बोलायचं ते रस्ताभर घोकत होते, माफी मागायची वाक्यं, मास्तरांच्या मुलीला शोभतील अशी.

वयनी भावाच्या अंगणात फणसाखाली बसली होती, पोरांच्या घोळक्यात. पुढ्यात करवंदांची पाटी. पोरं तिच्या डाव्या अंगाला बसायला एकमेकांना ढकलत होती. मला वाटलं करवंदांसाठी. तेवढ्यात तिचा डोळा मिटला, "मेल्या!" झालं आणि हात वर गेला. बरोबर एका शेंबड्या पोरीवर. पोरं ओरडली, "हिच्यावर! हिच्यावर!" आणि पोरीने पाटीतून ओंजळभर करवंदं उचलली. ज्याच्यावर आत्याचा हात जाईल त्याची ओंजळ. एवढाच नियम.

आतून तिच्या भावजयीने न बघताच विचारलं, "हात गेला का?"

"गेला," वयनी म्हणाली आणि करवंदं निवडायला लागली.

वारं नाही, फेपरं नाही. त्या घरात तिसराच शब्द होता, आणि तो तिच्या लहानपणापासून तिथेच होता. हात गेला. जसा पाऊस गेला, टपाल गेलं. मी अंगणाच्या कडेला उभी राहिले आणि घोकलेलं सगळं विसरले. माझ्या ओटीवर मला मान होता, पण माझ्या शेजारी बसायला कुणी असं एकमेकांना ढकलत नव्हतं. परत जळले! वाटलं, हिला कुठेही टाका, ही आपली पाटी भरूनच घेणार.

तिने मला बघितलं. "ये गो धाकले. बस." मी बसले. कुठे बसावं कळेना, म्हणून उजवीकडे बसले. तिने बाळ्याला उचलून आपल्या उजव्या मांडीवर घेतलं. टोकावड्याच्या बाईला मूल झालं का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. ती बरं म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. "म्हशीला झऱ्यावर सोडता ना?" म्हणाली. माफीचं एकही वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. निघताना तिने करवंदांची ओंजळ माझ्या पदरात टाकली. मी म्हटलं, "वयनी, माझ्यावर हात गेला नाही." म्हणाली, "तुज्यावर एकदा गेलाय. बस झालं."

मी बांधावरून स्टेशनाकडे चालायला लागले. बाळ्या खेचत होता, मागे बघ म्हणून. वळले. वयनी फणसाच्या सावलीतून बाहेर येऊन उन्हात उभी होती आणि तिचा हात वर गेलेला. माझ्या छातीत धस्स झालं. मग बघितलं, तो उजवा होता. तिचा स्वतःचा. निरोपासाठी हलवत असेल म्हणून मीही हात वर केला, पण ती हलवत नव्हती. तिने अंगठा आणि बोट जवळ आणलं आणि हवेत मला एक चिमटा काढला.

एवढ्या लांबून. आणि लागला.